साळूबाईंच्या रोपांवरचे ठिपके

११ जुलै १९८८, सोमवार
साळूबाईंची भाताची रोपं करपली — भर पावसात! पानांवर तपकिरी ठिपके, टोकं जळालेली. म्हातारी बांधावर बसून होती. म्हणाली, "गो बाय, पाण्यानं कुठं जळतं?"
मी शाळेत विज्ञान शिकवते. एक करपलेलं पान वहीत घालून घरी आणलं.

१२ जुलै
पटांगणात काचेचं भांडं ठेवून पाऊस धरला. निळा लिटमस कागद बुडवला — लाल. भांडं घासून, नवं पाणी धरून पुन्हा पाहिलं. पुन्हा लाल, म्हणजे पावसात आम्ल.
कारखान्यात गंधक जाळून ॲसिड बनवतात. निसटलेला वायू पावसात विरघळतो आणि आम्ल होऊन खाली येतो. पुस्तकात हे परदेशातलं म्हणून दिलंय. इथे एमआयडीसीची चिमणी वर्गातून दिसते!

१४ जुलै
वाडीच्या डबक्यातले मासे पोट वर करून तरंगताहेत.
ह्यांना सांगितलं. हे त्याच कारखान्यात, ॲसिड प्लँटवर ऑपरेटर. घास हातातच राहिला. म्हणाले, गावात बोलू नकोस, नोकरी जाईल. ताट सारून उठले. इतके घाबरलेले कधी पाहिले नव्हते.

१५ जुलै
तरी मी बोलले. आधी साळूबाईंशी, मग सगळ्या वाडीशी. घरात अबोला.

१८ जुलै
कारखान्याचे मॅनेजर जीपने आले. म्हणे, चिमणीला यंत्र आहे, वायू धुऊनच बाहेर जातो. रोपांवर रोग पडलाय, औषध मारा. लाल कागद दाखवला, तर हसले. शाळेतला खेळ म्हणाले.
मी केलेल्या अर्जावरून गुरुवारी सरकारी अधिकारी चौकशीला येणार. नळाजवळ बायका मला बघून हंडे उचलून निघाल्या. निम्म्या घरांतली माणसं तिथेच कामाला. फक्त साळूबाई म्हणाल्या, मी येते तुझ्याबरोबर.

२१ जुलै, गुरुवार
चावडीत साळूबाई माझा हात धरून बसल्या होत्या. मॅनेजरनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. मी उठणार, तोच हे मागून पुढे आले — ड्युटीच्या कपड्यांतच.
"यंत्र बंद हाय, साहेब. पावसाला जोर आला की धूर दिसत नाय. तेव्हा वायू तसाच सोडायला सांगतात. वायूचा व्हॉल्व मीच फिरवतो."
साळूबाईंनी ह्यांच्या हातांकडे पाहिलं आणि माझा हात सोडला.