नाव वाचायचा रविवार

१२ मार्च

प्रिय ताईस,

ख्रिस्तात सलाम. वि. वि. फोन जेवणाच्या खोलीत आहे आणि आई दिवसभर तिथेच बसून असते, म्हणून पत्र. तुझं नाव या घरात मोठ्यानं घ्यायची सवय अजून कुणालाच लागलेली नाही, बाबा जाऊन वर्ष होत आलं तरी.

बाबांच्या मंडळीचा पाळक होऊन मला चार महिने झाले. लोक चांगले आहेत, आजारी पडलो तर विचारपूस करतात, उपदेश लांबला तर जांभई हाताआड देतात. पण खरं सांगू का, मंडळी अजून बाबांचीच आहे. मी प्रार्थना करू या म्हणायच्या आधीच सगळे डोळे मिटतात. बाबा जिथे थांबायचे तिथे मी थांबलो नाही, तर ते माझ्यासाठी थांबतात. बाबांचा झगा तुझ्या भावजयीनं खालून दुमडून दिलाय, तरी खांद्यावर तो मला दुसऱ्याचं पांघरूण घेतल्यासारखा वाटतो. उपासनेआधी आतल्या खोलीत एकटा बसलो की दाराबाहेर बाबांचं ते खाकरणं ऐकू येतं. दोनदा उठून दार उघडलं, कुणी नव्हतं. मग लक्षात आलं की खाकरतो मीच. ते जास्त वाईट वाटलं.

तुझी जागाही तशीच आहे. तिसरा बाक, भिंतीकडची. बाक कितीही भरला तरी तेवढी जागा सोडून लोक दाटीवाटीनं बसतात. परवा एक नवीन जोडपं आलं. त्यांना कोण काय सांगणार, तरी तीही दोघं अलीकडेच बसली. मी नंतर विचारलं, तर म्हणाली की तिथे कुणीतरी येणार आहे असं वाटलं.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे ऑर्गन वाजवणारी मुलगी नवऱ्याचं घर सोडून मावशीकडे राहायला गेली आहे. नवरा रविवारच्या शाळेचा प्रमुख, गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. तो सांगतो की तिची उजव्या हाताची दोन बोटं दारात सापडली. ती काहीच सांगत नाही. बोटं बांधून ती दर रविवारी वाजवते आणि गीतात मधेच सूर गळतात. मंडळी आवाज चढवून त्या जागा भरून काढते. विचारत मात्र कुणी नाही.

कमिटीनं तिला परत जायला सांगितलं, ती नाही म्हणाली. आता नियमाप्रमाणे महिनाअखेरच्या रविवारी तिचं नाव मी व्यासपीठावरून वाचायचं आहे. मी आढेवेढे घेतले, तेव्हा घड्याळवाले काका, जे हल्ली कमिटीचे अध्यक्ष आहेत, शांतपणे म्हणाले की तुमच्या बाबांनी पोटच्या पोरीला सूट दिली नाही, मग परक्याच्या पोरीला तुम्ही कुठल्या तोंडानं देणार. ताई, मला उत्तर सुचलं नाही. मी काय करू ते कळव.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा
धाकटा


१७ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. पाळकबुवा, पत्र पोचलं. माझी जागा राखून ठेवणाऱ्यांना माझा निरोप दे की मी मेलेली नाही. इथे हॉस्पिटलात पाळ्या करते, शेजारणीशी पाण्यावरून भांडते, वजन वाढलंय म्हणून जिने चढते. जिवंत माणसाची जागा रिकामी ठेवून तिला मान द्यायचा, हा काय प्रकार आहे? येत्या रविवारी तिथे कुणाला तरी बसव. कुणी बसत नसेल तर ओल्या छत्र्या ठेव.

तू तेव्हा कॉलेजात होतास, उपासनेला शेवटच्या बाकावर बसायचास, म्हणून सांगते नाव वाचतात म्हणजे काय करतात. आधी पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग ते वाक्य, जोवर ही बहीण पश्चात्ताप करीत नाही तोवर ती आपल्यामध्ये नाही. मग दारावरचा माणूस दार उघडतो आणि सगळे गीतांच्या पुस्तकात बघतात. जाणाऱ्याकडे बघायचं नाही. माझ्या डाव्या कानाला तेव्हा नुकतंच ऐकू येईनासं झालं होतं, नवऱ्याच्या कृपेनं. बाबांनी मला सांगितलं होतं की घरी जा, नम्रतेनं त्याला जिंक. मी गेले नाही. रविवारी त्यांनी सगळं एका सुरात वाचलं, आवाज जराही हलला नाही. तो हलला असता तर मी त्यांना तिथल्या तिथे माफ केलं असतं. अजूनही एखाद्या रुग्णाच्या उशाशी नाव वाचताना तो सूर माझ्या तोंडी येतो आणि अंगावर काटा उभा राहतो. मग तुला त्यांचं खाकरणं ऐकू येतं यात नवल नाही.

बाबा वाईट नव्हते रे. देवाला घाबरायचे, आणि कमिटीला त्याहून जास्त.

त्या पोरीचं नाव वाचू नकोस. काकांना द्यायला उत्तर सुचत नसेल तर नको सुचू दे, पण वाचू नकोस. आणि तिच्या बोटांचा एक्स-रे काढलाय का विचार. प्रार्थनेनं हाड सरळ बसत नाही, हे तुझ्या कॉलेजात शिकवलं नसेल.

भावजयीला आशीर्वाद. तब्येतीची हेळसांड करू नकोस, आणि मोठ्या बहिणीचं कधीतरी ऐक.

तुझी
ताई


२१ मार्च

चि. मोठीस,

आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. अक्षर वेडंवाकडं आलंय, डोळ्यांना कमी दिसतं. इतक्या वर्षांनी लिहिते आहे, तेही काम घेऊन. तू रागावशील, ते बरोबरच आहे.

धाकटा तुझं ऐकतो. तुमची पत्रं चालतात हे मला माहीत आहे, पोस्टमन माझ्याच हातात देतो. त्याला सांग की त्या मुलीचं नाव वाच. हल्ली तो घरात म्हणतो की नियमच चुकीचा आहे. तुझ्या बाबांनी काळजावर दगड ठेवून तो पाळला. मी त्यांच्या बाजूला राहिले. नियम खरा होता, या एका आधारावर मी ही अकरा वर्षं काढली. आता तो खोटा निघाला तर माझी लेक माझ्या घरातून कशापायी गेली, हे मला कोण सांगणार? या वयात मला ते सोसणार नाही. तूच सांग त्याला.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. वेळेवर जेवत जा. लहानपणापासून तू उपाशीपोटी कामाला लागतेस.

तुझी
आई


२४ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आईचं पत्र आलं. अकरा वर्षांतलं पहिलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि खुळ्यासारखी जिन्यातच बसले. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं चक्कर आली, त्या साखरपाणी घेऊन धावत आल्या.

तिचं म्हणणं, मी तुला नाव वाचायला सांगावं. नाहीतर माझं जे झालं ते फुकट गेलं असं होईल. पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, आणि कांदा न चिरताच भरपूर रडून घेतलं. राग आला तो तिच्यावर की माझ्यावर, ते अजून ठरलेलं नाही.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. बाबांनी नाव वाचलं याचं दुःख आहेच. पण तिसऱ्या बाकापासून दारापर्यंत मी अगदी सावकाश चालले, ती आईसाठी. वाटत होतं, आता उठेल. दाराशी वाकून बुटाचा बंद बांधायचं नाटकही केलं. ती पुस्तकात बघत बसली. मला आठवतो तो रविवार एवढाच.

तिला मी उत्तर लिहिलेलं नाही. काय लिहिणार? तुलाही आता वाच म्हणत नाही आणि वाचू नकोस असं पुन्हा म्हणत नाही. माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस, तिच्यासाठी म्हणूनही नको. ती पोर म्हणजे मी नाही आणि तू म्हणजे बाबा नाहीस. एवढं ध्यानात ठेवून व्यासपीठावर चढ.

जे होईल ते कळव. काहीही झालं तरी माझा भाऊ आहेस, त्यात कुणाच्या कमिटीचं काही चालायचं नाही.

तुझी
ताई


३१ मार्च

प्रिय ताईस,

सलाम. वि. वि. काल फोनवर आई येते आहे, स्टँडवर जा, एवढंच कसंबसं सांगितलं. आज सकाळी तिला गाडीत बसवलं. बाकीचं आता लिहितो.

मी ठरवून गेलो होतो. नाव वाचायचं नाही आणि का नाही ते दोन वाक्यांत सांगायचं. आरशासमोर पाठ केलं होतं. व्यासपीठावर चढलो. घड्याळवाले काका पहिल्या बाकावर, मांडीवर हात ठेवून. ती मुलगी ऑर्गनपाशी, माझ्याकडे पाठ करून. मी खाकरलो. आणि ताई, त्यापुढचं मी बोललो नाही. म्हणजे तोंड माझंच होतं. आवाज बाबांचा, सूर बाबांचा, आणि त्या सुरात बाहेर आलं ते तुझं नाव. पूर्ण, बाबांच्या नावासकट. मग ते वाक्य, शेवटच्या शब्दापर्यंत. मला ते थांबवता आलं नाही. इतकी वर्षं मनात ऐकलेलं, तोंड उघडल्यावर तेच आधी बाहेर पडलं असेल. डोक्याला हे पटतं, अंगाला पटत नाही.

लोकांनी नाव कुणाचं आहे हेही ऐकलं नसावं. सूर ऐकला आणि सगळ्या माना पुस्तकात गेल्या. दारावरच्या माणसानं सवयीनं दार उघडलं.

मग आई उठली. काठी टेकत मधल्या वाटेनं दाराकडे निघाली. सावकाश नाही, लगबगीनं, गुडघे दुखत नसल्यासारखी. पायऱ्यांवर उभी राहून ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायला लागली. तुझी भावजय मागून धावली म्हणून बरं, नाहीतर आई रस्त्यावर उतरली असती.

त्यानंतर मी बोललो. म्हटलं की आत्ता वाचलं ते नाव मी परत घेतो, आणि दुसरं कुठलंही वाचणार नाही, आज नाही आणि पुढेही नाही. आवाज चिरका निघाला, पण माझा होता. कुणी आमेन म्हटलं नाही. त्या मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि शेवटचं गीत सुरू केलं. सूर नेहमीसारखे गळत होते, पण या वेळी लोकांनी आवाज चढवला नाही. काय गळतंय ते सगळ्यांना ऐकू आलं. तिचा नवरा गीत संपायच्या आत निघून गेला.

कमिटीनं मला पुढचं ठरेपर्यंत घरी बसायला सांगितलंय. काकांनी झगा मागून घेतला. घरही सोडावं लागेल असं दिसतं. त्याचं मला एवढं वाटत नाही. मला धास्ती आहे ती आईची. बाबाच बोलत आहेत आणि तोच दिवस आहे, असं तिला वाटलं. घरी येऊन तिनं पिशवी भरली आणि एवढंच म्हणाली की मोठी एकटीच पुढे गेली आहे. माझ्यामुळे तिचं डोकं फिरलं असेल तर मी कुणाला तोंड दाखवू? तिच्याकडे नीट बघ आणि जे असेल ते खरं कळव. लपवू नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा


४ एप्रिल

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. आई सुखरूप आहे, आधी श्वास घे.

गाडीतून उतरल्यावर तिनं मला लांबून ओळखलं नाही. जवळ गेले तर तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, कुठला कान. मी डावा म्हटलं. तेव्हापासून ती माझ्या उजवीकडेच बसते, चालताना चुकून डावीकडे आली तर वळसा घालून बाजू बदलते. माझं स्वयंपाकघर तिनं उलटंपालटं करून ठेवलंय, चहाची पूड मला सापडत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंशी गट्टी जमली आहे आणि दोघी मिळून माझ्या वजनावर बोलतात. मी जिन्यात रडले ते त्यांनी तिला लगेच सांगून टाकलं.

त्या मुलीला माझ्याकडे पाठव. आमच्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. आणि घर सोडावं लागलं तर तुम्ही दोघंही इकडेच या. जागा अडचणीची आहे, पण आपल्याला दाटीवाटीनं बसायची सवय आहे.

बाबांचं विचारलं मी तिला, त्यांना कधी वाईट वाटलं का म्हणून. म्हणाली, माहीत नाही. तिनं कधी विचारलंच नाही. ते हो म्हणतील अशी भीती वाटायची. तू म्हणतोस ना की बाबा अजून तिथे आहेत. असतीलही. हे न विचारलेलं त्यांनाही तिथे धरून ठेवत असेल.

तुझी धास्ती मलाही होतीच. म्हणून काल कपड्यांच्या घड्या घालताना चाचरत विचारलं की त्या दिवशी बाबाच बोलत आहेत असं तिला वाटलं का. तिनं माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं. म्हणाली, मला वेड लागलेलं नाही. आवाज धाकट्याचा आहे हे कळत होतं, तो नाव चुकला हेही कळत होतं. पण दार उघडलेलं दिसलं, आणि वाटलं, अजून फार लांब गेली नसेल.

तुम्हा दोघांची वाट पाहणारी,
ताई