उनाशिवायच्या निऱ्या

ओबान, २ जून
१४ तारखेला किर्स्टीचं लग्न. मुलीला चर्चमध्ये मी नेणार, अर्थात आम्हा स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा लोकरी किल्ट घालून. इतकी वर्षं त्याच्या निऱ्यांना इस्त्री उना करायची. हिवाळ्यात बाईसाहेब मला सोडून दात उपटणाऱ्या डॉक्टर नॉरिसकडे राहायला गेल्या. जाऊ दे. निऱ्या अशा कडक करीन की बघूनच तिला पश्चात्ताप होईल.

५ जून
किर्स्टीचा फोन. आईचा निरोप म्हणे : आधी प्रत्येक निरीला कच्चा टाका घाल, वर ओलं फडकं ठेव, इस्त्री फिरवू नकोस, नुसती दाब. मी फेरीबोटीचा कप्तान होतो, शिंपी नव्हतो. टाके घालणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

८ जून, दुपार
इस्त्री केली. निऱ्या वाढल्या. एकेकीच्या पोटात दोन-दोन. इस्त्रीच खराब. उनानंच आणलेली.

९ जून
किल्ट गादीखाली घातला. आजोबा असंच करायचे. कूस न बदलता झोपायचं, बस.

१० जून
बदलली असावी.

१२ जून
बाथरूममध्ये वाफ दिली. मग इस्त्री चांगली तापवून फिरवली. मागे एक चकचकीत डाग पडला, पण तो मला दिसत नाही. पट्टा शेवटच्या भोकापर्यंतही पोचत नाही. वाफेनं लोकर आकसते, हे आधी कुणी सांगत नाही. किर्स्टी म्हणाली, भाड्यानं आणू या का? मी साफ नाही म्हटलं.
‘बाबा, चर्चमध्ये सगळ्यांना तुझी पाठच दिसणार आहे.’
अगदी आईवर गेली आहे.

१४ जून, संध्याकाळ
चर्चच्या दारातच उना. मला गोल फिरवून पाहिलं. पर्समधून सुईदोरा काढला, माझ्या मागे गुडघ्यांवर बसली आणि निऱ्या शिवायला लागली. पाहुणे बघत होते. बघू देत. मी हळूच विचारलं, अजून काळजी वाटते ना माझी?
‘फोटोंची वाटते,’ ती म्हणाली. ‘हलू नकोस.’
सावरून घेतलं तिनं. मला कळायचं ते कळलं.

२१ जून
फोटो आले. किर्स्टीला घेऊन चाललोय त्या फोटोत मी फक्त कमरेच्या वरचा आहे. बाकी सगळ्यांत खुर्चीवर. नॉरिस जन्मानं इंग्रज, तरी किल्टमध्ये. निऱ्या कुणी केल्या ते विचारायला नको. त्याचा एक फोटो तर मुद्दाम मागून काढलाय.