आणि आमच्या ढवळ्यालाही

२२ फेब्रुवारी १९९३
पोचलो एकदाचा! भोकरदनपासून एसटीनं असं घुसळून काढलं, की पोटातल्या दह्याचं ताक झालं असणार. पण चर्च झकास आहे. पत्र्याचं छप्पर, अंगणात लिंब, मागं विहीर. मी वसईच्या केळीबागांत वाढलेला फादर. इथं नजर जाईल तिथवर काळी जमीन.
स्वयंपाकाला झुंबरबाई आहे. साक्षरतेच्या वर्गात नुकतीच वाचायला शिकलीय, त्यामुळे अक्षर दिसलं की सोडत नाही. आज मला अख्खा चहाचा पुडा वाचून दाखवला, ओळीखाली बोट ठेवून. पुडा हळदीनं पिवळा झाला. "भाकर थंडी व्हायली फादर, जल्दी या," म्हणून दटावतेही. आईची आठवण झाली.

२७ फेब्रुवारी
उपवासकाळ सुरू झालाय, म्हणून लोकांचं पापनिवेदन ऐकायला लाकडी पेटीत बसलो. जाळीपलीकडून एकेक जण पाप सांगतो आणि पश्चात्तापाची प्रार्थना एका दमात उरकतो, मागं कुत्रं लागल्यासारखी.
आमच्या घरी आईनं त्या प्रार्थनेला शेपूट जोडलं होतं: 'आणि आमच्या ढवळ्यालाही क्षमा कर.' ढवळ्या आमचा बैल, शेजाऱ्याच्या वाडीत घुसायचा. आई गेली, ढवळ्याही गेला. ती ओळ आता माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही.

६ मार्च
सगळे गेल्यावर एक पुरुष आला. घसा बसलेला, रडत होता. काय बोलला ते लिहिणार नाही. पेटीत ऐकलेलं बाहेर फोडणं हे फादरसाठी महापाप. एवढंच, की त्याचं पाप फक्त फादरच करू शकतो. आणि आसपास दुसरा फादर नाही.
बाहेर आलो, तर त्याची बाजू रिकामी. झुंबरबाई दारातच गहू निवडत होती. म्हणाली, कोन्हीच आल्तं न्हाई फादर, मी हितंच बसल्ते.

१३ मार्च
पुन्हा आला. तेच पाप. आज प्रार्थना पूर्ण म्हटली. शेवटी ढवळ्यासाठी क्षमा मागितली.
धावत बाहेर आलो. त्याची बाजू पुन्हा रिकामी.
जेवण उतरेना. झुंबरबाईकडे बघवत नाही. तिनं विचारलं, माझ्या हातचं आवडंना झालं का. काय सांगू तिला?

१५ मार्च
विहिरीवर मोटर बसवायची म्हणून कठडा पाडलाय. आजच.
आता मनात मावत नाही. भिंतींना कान असतात, कागदाला नसतात. म्हणून इथं—
तो म्हणाला, "पेटीत ऐकलेलं मी फोडलं. झुंबरबाईला तिचं मरण कळलं. मला बघून ती घाबरून मागं सरली. मागं विहीर होती."
तो मीच आहे. पण मी तोंडच उघडलं नाही, तर तिला काही होणार नाही. नाही उघडणार.

१६ मार्च
वही टेबलावर उघडी. कालच्या पानावर हळद. प्रत्येक ओळीखाली. शेवटपर्यंत.
लिहिणं म्हणजे सांगणंच, मूर्खा—
ती मागच्या अंगणात उभी आहे, विहिरीकडे पाठ करून. ओरडून विचारतेय, फादर, माझं मरण तुम्ही कामून लिव्हलं?
तिला तिथून बाजूला घ्यायला जातो—

पेटीत आहे. लोकांच्या बाजूला, गुडघ्यांवर. बाहेर माणसं विहिरीत दोर सोडतायत. रडून घसा बसला.
जाळीपलीकडे कोणीतरी बसलंय. खोकला माझाच. त्याला अजून काही माहीत नाही.
मी गप्प बसलो, तर तो काही लिहिणार नाही. ती जगेल. फक्त गप्प बसायचं.
पण मला क्षमा हवी. आत्ता हवी. हे ओझं घेऊन मी—
तो विचारतोय, बोल बाळा.
हे देवा, मी तुझा अपराध केला, मला मनापासून पश्चात्ताप होतो, पुन्हा असं पाप करणार नाही, मला क्षमा कर, आणि आमच्या—