अपघाताच्या रकान्यातली रुखमा

मी, चंद्रकला चिंधूजी कापगते, वय चोवीस, बी.ए., बालवाडी शिक्षिका, राहणार सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. हे लिहावे म्हणून मला कोणी धमकावलेले नाही. धमकी आहे ती गप्प बसावे म्हणून. डावा हात मोडला आहे, उजव्याने लिहिते आहे.

१. माझी सायकल, हँडल सरळ करून, धाकटा भाऊ ईश्वर याला द्यावी. अट एकच, भाची जनाला त्याने रोज शाळेत सोडावे. ती दहावी होईपर्यंत सायकल विकता येणार नाही. ईश्वर, तू कुरकुरशील हे मला ठाऊक आहे. कुरकुर, पण सोड.

२. घड्याळ आणि पुस्तके जना व रत्ना या दोघी भाच्यांना. पदवीचे प्रमाणपत्र आई सीताबाई हिने देव्हाऱ्यात ठेवले आहे, ते तिथून काढावे. त्या शिक्षणाचा मी काय उपयोग केला ते पुढे वाचा.

३. हे कलम माझा जबाब समजावा. थोरली बहीण रुखमा हिला दोन मुलींनंतर तिसरे बाळंतपण नको होते. १९८४ च्या जानेवारीत मीच तिला कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या शिबिरात नेले. पाचव्या दिवशी तिचा नवरा यादोराव लांजेवार याला कळले. मी तिथेच होते. त्याने तिला केस धरून अंगणात ओढले आणि ओल्या टाक्यांवर लाथा घातल्या. "माहा पोरगा कापून फेकला ना तुवं!" असे ओरडत होता. मी आडवी गेले तर मला भिंतीवर आपटले. तिचे लुगडे रक्ताने भिजले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मयत उचलण्याआधी पंच बसले. पंचांतले पुंडलिकराव मला म्हणाले, "तू शिकली हायस, बाई. बरोबर लिहून दे. पानी भरताना विहिरीवर घसरली म्हन." मी कागद फेकला. तेव्हा आईच माझ्या पाया पडली. "बाप जेलात गेला त पोरीइले कोन पोसन वो? लिही, माय."

मी लिहिले. सुवाच्य अक्षरात. तेरवी झाल्यावर यादोरावाने दोन्ही पोरी आमच्या ओसरीवर आणून सोडल्या आणि तो फिरकला नाही.

४. पुढे नागपूरच्या एका महिला मंडळासाठी मी गावोगाव फिरून मेलेल्या बायकांची यादी केली. कोणी बाळंतपणात गेलेली, कोणी माराने, कोणी जळून. एकवीस नावे. लोकांच्या घरी मी ठणकावून सांगत असे, "खरं सांगा." बाविसावे नाव रुखमाचे. ते मी अपघाताच्या रकान्यात लिहिले, कारण आधी तसेच लिहून दिले होते. मंडळाच्या अहवालातून ती यादी यंदा जुलैत नैरोबीच्या जागतिक महिला परिषदेत गेली. मग अहवालाची प्रत मला आली. आपल्या हक्कांसाठी जगभरातून जमलेल्या बायकांपुढेही माझी बहीण पाय घसरूनच मेली होती. त्याच आठवड्यात मी साकोलीला जाऊन खरा अर्ज दिला. चार नोव्हेंबरला मॅजिस्ट्रेटपुढे माझा जबाब आहे.

५. बारा ऑक्टोबरला भरदुपारी तलावाच्या पाळीवर यादोरावाने मला सायकलवरून ओढले आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने हात मोडला. म्हणाला, "मास्तरीण, आज दांडा हाये. चार तारखेले गेलीस त पातं रायन." गुराखी सोमाजीने सगळे पाहिले. विचारले तर म्हणतो, "मी त म्हशी पाहून राहिलो होतो." सोमाजी, तुलाही लेकी आहेत. माझा राग मी तुझ्या नावे ठेवून जाते.

६. पुंडलिकरावांनी माझ्या मयतीला येऊ नये. यादोरावाने मागितल्या तरी पोरी देऊ नयेत. त्यांनी आई व ईश्वर यांच्याकडेच राहावे.

७. चार तारखेआधी माझे काही बरेवाईट झाले तर परिचारिका निर्मलाबाईंनी कलम तीन कोर्टात वाचावे आणि मंडळाला दुरुस्ती कळवावी. बावीस नंबर, मारहाण. जिवंत असले तर दोन्ही कामे मीच करीन.

हे आईला वाचून दाखवले. तिने विचारले, "खोटं लिहिलं म्हून आपल्यालेही जेल होईन का वो?"

"होऊ शकते."

तिने निवडत असलेल्या तांदळाचे सूप बाजूला ठेवले. मग म्हणाली, "तुवं एकटीनं काहून जाव? मीही येतो चार तारखेले."

साक्षीदार:
१. निर्मलाबाई शेंडे, परिचारिका (सही)
२. उषाबाई, सुईण (डाव्या हाताचा अंगठा)

चंद्रकला चिंधूजी कापगते (सही)
सानगडी, २० ऑक्टोबर १९८५