सशाची पिल्लं आणि कच्चा धागा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे अर्धाच घातलाय, उरलेला समक्ष). तुझं पित्त कसं आहे? दाजींचं घोरणं? तू कधी येतेस म्हणून आम्ही सगळे डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतोय.

तर झालं असं, की शिवणाच्या दुकानामागचं गवत कापताना खळग्यात रानसशाची चार पिल्लं सापडली. आई कुठे दिसेना. मी तिथल्या तिथे त्यांना पोरकं ठरवलं (चौकशीआधी निकाल देण्यात मी थेट वडिलांवर गेलोय) आणि बटणांच्या खोक्यात अस्तराचे तुकडे अंथरून घरी आणलं. तुझी भाची हरखली. ती नावं शोधायला लागली, मी पिंजऱ्याची मापं घेतली, तुझ्या भावजयीने कपाळावर हात मारला. दूध मात्र एकानेही घेतलं नाही. ड्रॉपर झाला, कापसाची वात झाली, मिनतवाऱ्या झाल्या. दुपारपर्यंत पोटं खपाटीला गेली. भाची रडायला लागली आणि खरं सांगतो ताई, मीही रडलो.

शेवटी भावजय आम्हाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. इतकं मला तुझ्याखेरीज कुणी झापलं नव्हतं. सशीण म्हणे दिवसभर पिल्लांकडे फिरकतच नाही, शत्रूला जागा कळू नये म्हणून. पहाटे नि तिन्हीसांजेला येते, पाजते आणि जाते. माणसाच्या घरात ही पिल्लं बहुधा जगत नाहीत. म्हणजे मी पोरकी पोरं सांभाळत नव्हतो, चांगल्या घरची पळवून आणली होती! आत्ताच्या आत्ता परत ठेवा म्हणाल्या, वर काड्यांची फुली मांडा. सकाळी ती हललेली दिसली, तर आई आली समजा.

शिंप्याने काड्या कशाला मांडायच्या? मी कच्च्या टाक्याचा पांढरा धागा खळग्यावर उभा-आडवा मांडला, इतक्या जिवापाड की गिऱ्हाइकाच्या कोटालाही कधी मांडला नाही (हे बाहेर बोलू नकोस). सकाळी पाहतो तर धागा पार विस्कटलेला आणि चौघांची पोटं टम्म! भाची टाळ्या पिटत नाचली. पिंजरा रद्द झाला. आता आम्ही ससे पाळत नाही, गवत पाळतो. मला तिकडे विळा न्यायला बंदी आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. वर तुला बोलावलंय ते अगदी मनापासून. फक्त पिल्लं आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत येऊ नकोस. तू आलीस की तुझं कुत्रं येणार.

आणखी ता. क. कुत्र्याला तिकडेच शेजाऱ्यांकडे ठेवणार असलीस, तर उद्याच ये. दाजींना खुशाल आण, ते कशाच्याच मागे धावत नाहीत.

शेवटचा ता. क. भाची आत्ताच धावत आली, एका पिल्लाने डोळे उघडलेत. आत्याला कळवा म्हणतेय, पण कुत्र्यासमोर वाचू नको म्हणावं.