कंदिलाची काच आणि बर्फाचा चष्मा

काश्मीर,
९ फेब्रुवारी १९८६

सौ. अलकास,

रामाकोन्याला सगळे खुशाल असाल असं धरून लिहून राहिलो. मीही बरा आहे. अक्षर मोठं आणि वाकडं आलं, ते थंडीनं बोटं आखडली म्हणून.

आमची पलटण इथं स्की शिकून राहिली. उन्हात बर्फ इतका चमकते की चष्म्याशिवाय उभं राहवत नाही. उस्ताद सांगतात, जपला तर चष्मा दोन-तीन हिवाळे टिकते. आतून पुसायचा नाही, ओला झाला तर झटकून सावलीत वाळू द्यायचा.

माझा अठरा दिवस टिकला. धुरकट दिसला म्हणून मी शेगडीच्या राखेनं घासला, घरी कंदिलाची काच घासतो तसा. पण ती काच नव्हतीच, प्लास्टिक होतं. सगळं खरवडलं. मग काही दिसेना, म्हणून एक दुपार चष्मा काढूनच चाललो.

आता खरं सांगतो. तीन दिवस डोळ्यांवर पट्टी होती. काल निघाली. दिसते सगळं, फक्त बारीक लिहिलं की पाणी येते. नवा चष्माही मिळाला.

बागेतला संत्रा तुटला का? बाबांचा खोकला कसा आहे?

आईच्या जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा पाठवजो, चष्मा गुंडाळून ठेवायला. राखेचं तिच्याजवळ बोलू नको. कंदील घासायला तिनंच शिकवलं होतं, जिवाला लावून घेईल. तुकडा कशाला म्हणून विचारलं तर इतकंच सांगजो, तुमचा गजानन तिकडंही काच साफ ठेवते.

आईबाबांच्या पाया पडतो.

तुझा,
गजानन