सरपंचबाईंची सही

खाजणपाडा, ता. पनवेल
२६ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप शांतीताईंना,
दमयंतीचा शि. सा. न. वि. वि.

घरी सगळे खुशाल. फोनवरच सांगितलं असतं, पण या घरात माझे फोन माझ्याआधी तुमचे भाऊ उचलतात, म्हणून कागद घेतला.

ताई, मी सरपंच होऊन सहा महिने झाले. दारावर पाटी माझी, खुर्चीवर तुमचे भाऊ. सरकारने डिजिटल सहीसाठी माझ्या नावाने दिलेलं ते बोटभर डोंगलही त्यांच्याच खिशात. माझी सही होते आणि मला ते दुसऱ्या दिवशी नळावर कळतं.

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण आता खाडीकाठची आपली मासळी वाळवायची जागा एका बिल्डरला गाड्या लावायला द्यायचं घाटतंय. विमानतळ आल्यापासून सगळ्यांना आमच्याच पाड्याचं प्रेम आलं आहे. यांनी तोंडी होकार दिला, पंचायतीचा ना-हरकत दाखला तेवढा राहिलाय. मी सही करणार नाही म्हटलं, तर म्हणाले, तू कशाला करतेस, मी करतो ना, तू बोंबील परतायला घे.

परतले. चांगलेही झाले होते. दुसऱ्या दिवशी पनवेलला पंचायत समितीत गेले आणि जुनी सही रद्द करून नवं डोंगल मागितलं. शिवाय आमच्याकडे महिला ग्रामसभा म्हणजे शिपायाने घरोघर फिरून घेतलेल्या सह्या. या खेपेला ती मी त्या जागेवरच भरवणार, मासळी वाळत असताना, म्हणजे बायांना काम टाकून यायला नको.

तुमच्या पाठीमागे करायचं नाही म्हणून आधी लिहिते. आईमागे तुम्ही वाढवलेला भाऊ, भर गावात त्यांची मान खाली जाईल. तुम्ही रागावलात तर मला फार वाईट वाटेल, पण मी थांबणार नाही.

एवढं वाचूनही माया आटली नाही, तर ती तशीच ठेवा.

तुमची,
दमयंती


खाजणपाडा
११ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
आनंदाचा सा. न.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच पत्र लिहितोय. हसू नकोस.

तुझ्या भावजयीने गावात माझी शोभा केली. मला वाटलं होतं तिच्या सभेला चार बाया येतील. सगळा पाडा आला. आमाला इचारल्याशिवाय जागा द्याची नाय, असं एकेकीने उठून सांगितलं. आपली काकूसुद्धा उठली. ठराव झाला. मी म्हटलं होऊ दे, असे ठराव कितीतरी पडून असतात.

काल बिल्डरला पंचायतीत बसवलं, चहा मागवला, दाखल्यावर सही करायला डोंगल लावलं. चालेना. ऑपरेटर म्हणाला, ही सही रद्द झालीय, नवी मॅडमकडे आहे. तेव्हा बिल्डरने माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

ताई, बॅनरवर मोठा फोटो माझा होता. दारोदार हात मी जोडले. लोकांनी मत मला दिलं, जागा बायकांची म्हणून ती उभी होती एवढंच. आता पंचायतीत मला लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसायला सांगते. आणि घरी काही झालंच नाही अशी वाढते. त्याचाच जास्त संताप येतो.

तू ये आणि तिला समजाव. ती तुझंच ऐकते.

मला पोरका करू नकोस.

तुझा,
आनंदा


उरण
१५ नोव्हेंबर २०२५

चि. आनंदा यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून खेकडा चालल्यासारखंच आहे. फोन मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू रडतोस आणि मी विरघळते.

तुझी मान खाली गेली याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुला कडेवर घेऊन मी त्याच जागेवर मासळी उलटली आहे. ती तू एका चहावर द्यायला निघालास, याचा राग त्याहून मोठा आहे. दमयंतीने मला आधी कळवलं होतं. मी तिला अडवू शकले असते. अडवलं नाही.

मतं तुला पडली म्हणतोस. मग सभेत तुझ्या बाजूने एकही बाई का उठली नाही, ते सांग. बाकावर बसायची लाज वाटते? बस. तिथून लोकांचं बोलणं नीट ऐकू येतं.

मला यायला सवड नाही. आमच्या प्रभागात नगरपरिषदेच्या दोन जागा आहेत, एक बायकांसाठी राखीव, दुसरी खुली. पुढारी घरी येऊन तुझ्या भाऊजींना म्हणाले, राखीव जागेला बाईंचं नाव द्या, बाकीचं आम्ही बघू. भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, बाकीचं बघायला मी आहे. काल जाऊन अर्ज भरला. राखीव जागेवर नाही, खुल्या जागेवर. समोर सगळे पुरुष आहेत.

जीव तुझ्यावर होता तेवढाच आहे. प्रचाराला दमयंतीबरोबर ये, ती सांगेल ते काम कर. मी पडेन, नाहीतर निवडून येईन. पण आले, तर जागा बायकांची होती म्हणून आली, असं माझ्याबद्दल तुलाही म्हणता यायचं नाही.

तुझी ताई,
शांती